आतल्या कानाला रक्त आणि ऑक्सिजन कुठून मिळतो? यंत्रमाग कामगारांच्या पत्रकासाठी नेमकी माहिती हवी

पत्रकवाली_ताई, सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि विडी घरकुल (विडी कामगारांची वसाहत) भागातल्या यंत्रमाग कामगारांसाठी कानाबद्दल चार पानी पत्रक तयार करतेय. माग, धोटा, आवाज हे सगळ्यांना माहीत आहे. पण आवाजाने कानाच्या आत नेमकं काय बिघडतं, हे लिहायला बसले की हात थांबतो.

मला अडलेलं असं:

आतल्या कानाला ऑक्सिजन कानाच्या भोकातून मिळतो, नाकामागच्या नळीतून मिळतो, की फक्त रक्तातून?

एका रात्रीत एका कानाने ऐकू येईनासं होतं, त्याला लोक "कानाचा हार्ट अटॅक" म्हणतात. पत्रकात तसं लिहावं का?

"कानाचं रक्ताभिसरण वाढवणाऱ्या" गोळ्या आणि ऑक्सिजन देणं, यात खरं किती?

मोघम नको, आकडे असतील तर द्या. सोपं मी करून घेईन.

---

शरीरक्रियेचा_मास्तर

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

आतल्या कानाचा ऑक्सिजन रक्तातूनच येतो. मधल्या कानातल्या हवेतून गोल खिडकीच्या (मधल्या आणि आतल्या कानामधल्या बारीक भोकाच्या) पडद्यामधून थोडासा ऑक्सिजन आत झिरपतो, पण तो खिडकीलगतच्या द्रवापुरता. त्यावर कान चालत नाही. कानात तेल घातल्याने, फुंकर मारल्याने किंवा मळ काढल्याने आतल्या कानाचा ऑक्सिजन वाढत नाही.

रक्ताचा रस्ता असा आहे. मानेच्या मणक्यांमधून दोन धमन्या वर चढतात आणि मेंदूच्या देठापुढे एकत्र येऊन एक मोठी धमनी होते. तिची एक फांदी लहान मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागाला जाते, आणि बहुतेक माणसांत तिच्यापासून आतल्या कानाची धमनी निघते. ही बारीक धमनी ऐकण्याची आणि चेहऱ्याची नस यांच्या सोबतीने हाडातल्या साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून आत शिरते. तिथे तिचे दोन वाटे होतात: एक तोल सांभाळणाऱ्या भागाकडे, दुसरा कॉक्लियाकडे, म्हणजे शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीकडे.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही शेवटची धमनी आहे. हाताच्या बोटाला दोन बाजूंनी रक्त येतं, एक वाट तुंबली तर दुसरी सांभाळून घेते. आतल्या कानाभोवती अतिशय टणक हाड आहे आणि शेजारच्या मधल्या कानातून कामाला येईल असा रक्ताचा जोडरस्ता त्याला नाही. मुख्य वाट बंद झाली की पर्याय उरत नाही.

कॉक्लिया उलगडून सरळ केली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. ध्वनीचं विजेच्या संदेशात रूपांतर या पेशी करतात. गंमत अशी की केशपेशींच्या अगदी जवळ रक्तवाहिनी फिरकत नाही. तिथे नाडी उडत असती तर बाहेरच्या बारीक आवाजाआधी आपल्याला आपलंच रक्त ऐकू आलं असतं. त्यामुळे केशपेशींना ऑक्सिजन दुरून, द्रवातून झिरपत मिळतो.

रक्त खऱ्या अर्थाने लागतं ते नळीच्या बाहेरच्या भिंतीवरच्या पट्टीला. तिचं नाव स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस, केशवाहिन्यांनी गच्च भरलेली. ही पट्टी आतल्या द्रवात सतत पोटॅशियम ढकलत राहते. त्या द्रवात पोटॅशियम लिटरमागे सुमारे १५० मिलिमोल असतं, शेजारच्या कप्प्यातल्या द्रवात जेमतेम ५. या ढकलाढकलीतून +८० ते +१०० मिलीव्होल्टचा दाब तयार होतो. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजला. कॉक्लियावरच्या कामासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

पत्रकासाठी उदाहरण हवं असेल तर पाण्याचं द्या. आपल्याकडे काही दिवसांआड नळाला पाणी येतं, म्हणून घरोघरी मोठ्या टाक्या भरून ठेवतात. केशपेशी म्हणजे टाकीखालचा नळ, पोटॅशियमचं पाणी त्यातून आपोआप पडतं. टाकी भरायची मोटर म्हणजे ही पट्टी, आणि मोटरची वीज म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. फरक एवढाच की कानाची टाकी अगदी लहान आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगात रक्तपुरवठा पूर्ण थांबवला की हा विजेचा दाब पहिल्या काही मिनिटांतच कोसळतो आणि शून्याच्याही खाली जातो. रक्त लवकर परत सुरू केलं तर तो सावरतो. अर्धा-एक तास बंद राहिलं तर काही केशपेशी कायमच्या जातात, आणि माणसात केशपेशी पुन्हा उगवत नाहीत.

---

श्रवण_तपासनीस

मास्तरांनी पाया भक्कम घातला. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ठाम सांगते ताई, "कानाचा हार्ट अटॅक" हे शब्द पत्रकात घालू नका.

अचानक बहिरेपणाची व्याख्या अशी: ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांवर (जाड ते बारीक स्वरांच्या पायऱ्यांवर), निदान ३० डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) घट, आणि दोष आतल्या कानात किंवा नसेत. यातल्या बहुतेक रुग्णांत नक्की कारण सापडत नाही. धमनी तुंबणं ही एक शक्यता आहे. विषाणू आणि शरीराची प्रतिकारयंत्रणाच कानावर उलटणं, याही तितक्याच वजनदार शक्यता. वर मास्तरांनी दिलेला हिशेब बघा. धमनी पूर्ण बंद राहिली तर तासाभरात नुकसान कायमचं. पण अचानक ऐकू येईनासं झालेल्या बऱ्याच जणांना दोन आठवड्यांत पुष्कळ ऐकू परत येतं, काहींना औषधाशिवायही. सगळ्यांची धमनीच तुंबली असती तर हे झालं नसतं. हार्ट अटॅक म्हटलं की लोक रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करतात. ती इथे उपचार म्हणून शिफारशीत नाही.

पत्रकात जे ठळक हवं ते हे: सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटला तर तो मळ किंवा सर्दी समजून आठवडा घालवू नका. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. कान भरल्यासारखा वाटतो, आत शिट्टी वाजते, माणूस दुकानातून थेंब आणतो, आठ दिवस घालतो, थेंबाने फरक पडला नाही की मग कानाच्या डॉक्टरकडे जातो. तोवर उपचाराची चांगली मुदत अर्धी संपलेली असते.

घरी एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून "म्‌ऽऽऽ" असा सलग गुणगुणता आवाज काढायचा आणि तो कोणत्या बाजूला मोठा वाटतो ते बघायचं. बंद वाटणाऱ्या कानात मोठा वाटला तर बहुधा मळ, पाणी किंवा पडद्याची भानगड. चांगल्या कानात मोठा वाटला तर दोष आतल्या कानात असण्याची शक्यता जास्त, म्हणजे त्याच दिवशी दाखवायचं. डॉक्टर हेच ५१२ हर्ट्झच्या स्वरकाट्याने करतात: काटा वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, आवाज कुठे? गुणगुणण्याची चाचणी फक्त घाई करायची का हे ठरवायला. खरं निदान ऑडिओमेट्रीनेच होतं (कोणता स्वर किती ऐकू येतो याचा आलेख काढणारी तपासणी), आणि ती बंद खोलीतच व्हायला हवी. पंखा चालू असलेल्या खोलीत केलेल्या आलेखावर खालच्या स्वरांचे आकडे भरवशाचे नसतात.

आलेख बघताना रक्तपुरवठ्याच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घ्या. मुख्य धमनी कॉक्लियाच्या वरच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाला रक्त देते, बुडाच्या भागाला दुसरी फांदी. जाडे, खालचे स्वर टोकाकडे ओळखले जातात, बारीक स्वर बुडाकडे. म्हणून कोणती फांदी अडली त्यावर कोणते स्वर गेले हे ठरू शकतं. पण हे उलटं वाचू नका. खालचे स्वर गेले म्हणजे धमनीच तुंबली असं नव्हे, मेनिएअरच्या आजारातही (आतल्या कानाचा आजार, त्यात चक्करेचे झटके येतात) सुरुवातीला तेच स्वर जातात.

शिवाय एकाच कानाचा असा बहिरेपणा असेल तर ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला पुढे एमआरआय सांगतात. ऐकू परत आलं तरी तो टाळू नये.

---

पत्रकवाली_ताई

"हार्ट अटॅक" काढून टाकलं. आता गोळ्या आणि ऑक्सिजनचं सांगा की. पुष्कळ जण सांगतात, बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं तर ९८ येतं, मग कानाला ऑक्सिजन कमी कसा?

---

औषध_माहिती

मशीनवरचा ९८ हा आकडा काय सांगतो ते आधी. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच. हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते मशीन सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर त्यात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन. ७.५ असेल तर १०. मशीन दोघांनाही ९८ दाखवेल. विडी वळणाऱ्या बायांमध्ये अंगात रक्त कमी असणं नवं नाही, त्यामुळे पत्रकात "हिमोग्लोबिन तपासा" ही ओळ नक्की असू द्या. विडी ओढणाऱ्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइडही हिमोग्लोबिनची जागा अडवतो, आणि साधं मशीन त्यालाही ऑक्सिजनच समजतं.

आता साधं सिलिंडर लावून काय होईल? हिमोग्लोबिन आधीच ९८ टक्के भरलेलं, त्यात आणखी कोंबायला जागा नाही. वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत तो १०० मिलिलिटरला फक्त ०.३ मिलिलिटर असतो, शुद्ध ऑक्सिजन घेतला तरी दोनच्या आसपास. म्हणून कानासाठी घरी सिलिंडर आणू नका.

दाबाच्या कक्षेतला ऑक्सिजन हा प्रकार वेगळा. वातावरणाच्या २ ते २.५ पट दाबात शुद्ध ऑक्सिजन दिला तर विरघळलेला वाटा ४ ते ५ मिलिलिटरपर्यंत जातो, आणि केशपेशींना ऑक्सिजन झिरपूनच मिळत असल्याने हा वाढीव दाब तिथवर पोचू शकतो. एका वेळी ६० ते ९० मिनिटं, अशा १० ते २० बैठका. अचानक बहिरेपणात तो स्टिरॉइडच्या जोडीने, दोन आठवड्यांच्या आत सुरू केला तर पर्याय म्हणून मान्य आहे. एकटा नाही, आणि सहा महिन्यांनी तर नाहीच. कक्षेत जाताना दाब वाढतो तेव्हा कान मोकळे करता आले पाहिजेत, नाहीतर पडद्यालाच इजा. सर्दी असेल तर आधी सांगायचं. मधुमेह असेल तर कक्षेत साखर खाली जाऊ शकते, म्हणून आत जाण्याआधी तपासायची. छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल तर अजिबात नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. अचानक बहिरेपणात रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या, गुठळी विरघळवणाऱ्या आणि विषाणूविरोधी औषधांनी फायदा होतो असा पुरावा नाही, २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत ती देऊ नयेत असंच आहे. बीटाहिस्टिन चक्करेसाठी सर्रास दिलं जातं. मेनिएअरच्या रुग्णांवर २२१ जणांची नऊ महिन्यांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात चक्करेच्या झटक्यांच्या संख्येत खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा फरक पडला नाही. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) कानात वाजणाऱ्या आवाजावर चालत नाही. तर्कही बघा: अंगभर रक्तवाहिन्या रुंद झाल्या की रक्त सगळीकडे पसरतं आणि रक्तदाब उतरतो. एका बारीक धमनीकडे जास्त रक्त जाईल याची हमी कुठून?

प्रत्यक्षात आधी दिलं जातं ते स्टिरॉइड. सहसा प्रेडनिसोलोन, वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ६०, सकाळी एकदम, ७ ते १४ दिवस, मग हळूहळू उतरवत. हे आकडे कळण्यासाठी लिहितोय, पत्रकात मात्रा छापू नका. साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाने हे स्वतःहून घेतलं तर दवाखान्यात भरती व्हायची पाळी येते. अशांसाठी पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन हा मार्ग आहे: सुमारे अर्धा मिलिलिटर औषध, रुग्ण आजारी कान वर करून आडवा, नंतर १५ ते ३० मिनिटं तसाच, या वेळात गिळायचं नाही आणि बोलायचं नाही. गिळलं की नाकामागची नळी उघडते आणि औषध घशात उतरतं. औषध गोल खिडकीतून झिरपायला हवं म्हणून ही शिस्त. गोळ्यांनी गुण आला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान हाच दुसरा प्रयत्न असतो.

---

पाळी_आणि_सुरक्षा

मूळ विषय यंत्रमाग आहे, तर आवाज आणि रक्ताचा संबंध माझ्याकडून.

धोटा एका टोकाकडून दुसरीकडे फेकला जातो तेव्हा प्रत्येक फेकीला एक फटका, मिनिटाला शंभरावर फटके, आणि एका शेडमध्ये असे कितीतरी माग. एवढ्या आवाजात केशपेशी जास्त ऑक्सिजन खातात, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या भिंतीतल्या केशवाहिन्या आकसतात. प्रयोगात मोठ्या आवाजानंतर कानातल्या द्रवातला ऑक्सिजन उतरलेला दिसतो. पाळी सुटली की रक्त परत येतं, पण त्यासोबत पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे घातक रेणूही तयार होतात, आणि ते पुढचे सात ते दहा दिवस बनत राहतात. म्हणून "संध्याकाळी कान सुन्न, सकाळी ठीक" याचा अर्थ काहीच झालं नाही असा घेऊ नये. मागावरच्या माणसाच्या आलेखात ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ४ हजारावर खड्डा पडतो. बोलणं ऐकू येतं पण "स", "श", "त" निसटतात. बायको काय म्हणाली ते गोंगाटात कळत नाही, टीव्ही मोठा लागतो.

आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला एक तास. नियम पाळला तरी ८५ च्या वर कान झाकलेलेच बरे.

शेडमधला सर्वात मोठा गैरसमज कापसाच्या बोळ्याचा. सुताचा किंवा वेस्ट कापसाचा बोळा कानात कोंबून माणूस निर्धास्त होतो. त्याने आवाज नावालाच कमी होतो, आणि तो घामाने ओला होऊन कानात बुरशी होते ती वेगळीच. फोमचा प्लग असा घालायचा: हात धुवा, प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि बोट २० ते ३० सेकंद दाबून ठेवा, फुलेपर्यंत. बाहेरून बराचसा प्लग दिसत असेल तर तो बसलेला नाही. पुन्हा काढून वळा.

हा हिशेब पत्रकात चौकटीत घाला: ३० डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर पूर्ण पाळीचं संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येतं. कांडी बदलताना, जॉबरशी (माग दुरुस्त करणाऱ्याशी) बोलताना प्लग काढायची सवय आहे, कान तिथेच जातो. बोलायचं तर शेडबाहेर यायचं.

ऑडिओमेट्रीला जाण्याआधी १४ ते १६ तास शांततेत काढा. रात्रपाळी करून थेट गेलात तर तात्पुरती घट कायमची म्हणून नोंदली जाईल.

---

शरीरक्रियेचा_मास्तर

वरच्या सगळ्यांत भर म्हणून दोन गोष्टी, कारण दोन्हींत जीव जाऊ शकतो.

एक, मान मोडणं. दाढी-कटिंग झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. ज्या धमन्या कानाला रक्त देतात त्याच मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. जोराच्या पिळाने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी धरते, आणि ती वर गेली तर कान, लहान मेंदू, मेंदूचा देठ सगळं धोक्यात येतं. असं क्वचित होतं, पण मान मोडून घेतल्याने फायदा काहीच नाही. "मोडू नका" एवढंच न्हाव्याला सांगायचं.

दोन, वयस्क माणूस, साखर किंवा रक्तदाब आहे, अचानक गरगरतंय आणि एका कानाने ऐकू येत नाही. याला "कानाचीच चक्कर" म्हणून घरी झोपवू नका. लहान मेंदूकडे जाणारी फांदी बंद झाली की कान आणि मेंदू एकदम मार खातात, कारण कानाची धमनी तिच्यापासूनच निघते. सोबत जीभ जड, तोंड वाकडं, दोन-दोन दिसणं, हाताचा नेम चुकणं, आधाराशिवाय उभं न राहता येणं यातलं एक जरी असेल तर १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका (स्ट्रोक) पहिल्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. "सीटी नॉर्मल आहे" म्हणून पेशंट घरी आणू नका, एमआरआयबद्दल विचारा.

---

पत्रकवाली_ताई

मास्तर, ही शेवटची दोन्ही पहिल्या पानावर घेते. टाकी आणि मोटरचं चित्र काढून घेतेय, त्याखाली गुणगुणण्याची चाचणी आणि प्लगची चौकट. मात्रा कुठेच छापणार नाही. तेलुगू आणि कन्नड मजकूरही करायचा आहे, विडी घरकुलात त्याशिवाय भागायचं नाही. "केशपेशी" आणि "स्वरपट्टी" यांना त्या भाषांत रोजच्या बोलण्यातले शब्द कुणाला माहीत असतील तर इथेच लिहा.